कापशीच्या गॉगलचे माप

देवाचे स्मरण करून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, मी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. शिक्षण मॅट्रिक, काम घरसंसार. दुखणे पोटात आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे त्यात माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, हयातभर राहावे. त्यांच्यानंतर ते माझी नात कापशी हिच्या मालकीचे व्हावे. हे वाचून घरात भूकंप होईल, कारण वन्संचे आणि माझे विळ्या-भोपळ्याचे सख्य सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझ्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी कधी बरे म्हटलेले नाही. “वहिनी, मीठ स्वस्त झालंय वाटतं,” हे त्यांचे जेवणाआधीचे स्तोत्र. तरीही घर त्यांनाच.

२. कापशी ही माझ्या दिवंगत मुलीची मुलगी. जन्मतःच केस आणि पापण्या कापसासारख्या पांढऱ्या, म्हणून तिच्या आईनेच हे नाव लाडाने ठेवले. शाळेत मिळालेली बाकीची नावे मी या कागदावर आणत नाही. तिच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही आणि नजर अधू आहे. माणसाचा चेहरा तिला हातभर अंतरावरूनच दिसतो. तिच्या वडिलांनी दुसरा संसार मांडला आहे. तिने वन्संजवळ वाढावे, यास त्यांची लेखी संमती घेतली आहे. माझा मुलगा, म्हणजे तिचा मामा, तिला आपल्याकडे न्यायला एका पायावर तयार आहे. त्याच्या मनात खोट नाही. पण त्याच्याकडे का नाही, हे लिहिणे भाग आहे.

मामाने एकदा तिच्यासाठी गॉगल आणला. काळाकुट्ट, चकचकीत धातूच्या बारीक काड्यांचा. “बघ आई, हिरॉईन दिसते की नाही!” पोर तो लावून सहलीला गेली आणि डोळे सुजवून, कानामागे लाल पुरळ घेऊन परत आली. गल्लीच्या टोकाचे चष्मेवाले म्हणाले, “आजी, नुसता काळा रंग म्हणजे राखण नव्हे. अंधार वाटला की बाहुली मोठी होते. भिंगात ऊन अडवणारा गुण नसेल, तर उलट जास्तच आत जातं. आणि हा धातू हिच्या कातडीला चालत नाही.”

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा वन्सं शिवणयंत्रावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापशीला स्टुलावर बसवले आणि गळ्यातली टेप काढली. “मान वर. हसू नकोस गं, गाल हलतो.” कपाळ, नाक, कानापर्यंतचे अंतर, सगळे मोजून पुठ्ठ्याचा चष्मा कापला. मी म्हटले, हे काय आरंभलंय? तर म्हणाल्या, “ब्लाउज टांगलेला बघून घेतो का आपण? मग डोळ्यांनी काय घोडं मारलंय?”

तेव्हापासून दर वाढदिवसाला नवा पुठ्ठा कापला जातो आणि त्या मापाचा गॉगल घ्यायला दोघी चष्मेवाल्यांकडे जातात. दुकानात त्या आरशाकडे फिरकत नाहीत. पोरीला भर दुपारी दुकानाच्या दारात उभी करून विचारतात, “आता कुठून टोचतंय?” “वरून, आत्याआजी.” की दुसरा. हा प्रश्न तिला दुसऱ्या कोणीही विचारलेला नाही.

३. माझ्या ठेवीचे व्याज कापशीच्या शिक्षणाला आणि गॉगलला लावावे. काटकसर मी जन्मभर केली; इथे करू नये. फ्रेम हलक्या प्लास्टिकची, चष्मेवाल्यांना गरम करून वळवता येईल अशी. भुवईला आणि बाजूने फट नको. भिंग काचेचे नको, ते जड असते आणि चेंडू लागला तर डोळ्यापाशीच फुटते. न फुटणारे प्लास्टिकचे, तपकिरी रंगाचे घ्यावे, आणि ऊन अडते की नाही ते यंत्रावर तपासून मगच पैसे द्यावे. त्यावर ओरखडे लवकर पडतात. वन्संनी ते पदराने पुसू नये.

४. मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ, सुनेला माझी जपमाळ आणि सगळी स्टीलची भांडी.

५. मुलासाठी आणखी एक गोष्ट, जी मी त्याला तोंडाने सांगू शकले नाही. माझ्या मुलीला नेले तेव्हा उन्हे डोक्यावर होती. कापशी पाच वर्षांची. तू रडतच तिला म्हणालास, “आईला निरोप देताना काळा चष्मा लावतात का? काढ तो.” आणि काढून खिशात ठेवलास. पोरीने डोळे गच्च मिटले. लोक म्हणाले, घाबरली. मी तेव्हा कशातच नव्हते. संध्याकाळी तिने वन्संना विचारले, “आई कधी दाखवणार मला?” वन्संनी हे इतकी वर्षे पोटात ठेवले, मला आत्ता आजारपणात सांगितले. बाळा, रागाने लिहीत नाही.

६. मलाही दिवसाउजेडीच नेतील. त्या वेळी कापशीच्या डोळ्यांवरचा गॉगल कोणीही काढू नये. मोठ्यांचा मान, रीतभात, काही सांगू नये. सर्वांनी बाजूला व्हावे. मामानेच तिचा हात धरून तिला माझ्या तोंडाशी, हातभर अंतरावर, आणावे आणि तिचे बघून होईपर्यंत थांबावे. घाई करू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: कापशीची आजी
साक्षीदार: १. गल्लीच्या टोकाचे चष्मेवाले २. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई
ठिकाण: राहते घर, शिवणयंत्राची खोली
दिनांक: कापशीच्या बाराव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. नवा पुठ्ठा कापून झाला आहे.