शनिवारी जेवायला का आलो नाही याबद्दल

हार्लन क्रॉसिंग, इंडियाना
१३ जुलै १९५२

आदरणीय टॉलिव्हरसाहेब यांस,

डेलमर क्राउसचा सादर नमस्कार. आपला गुडघा बरा असेल आणि (कालच्या संध्याकाळनंतर विचारायचा धीर होत नाही, तरी) मनही शांत असेल, अशी आशा करतो. काल सहाच्या ठोक्याला आपल्याकडे जेवायला येऊन आपल्या मुलीचा, ओपलचा, हात मागायचा, असं ठरलं होतं. मी आलो नाही. कोंबडी गार झाल्याचं कळलं. आपण माझ्याबद्दल काय म्हणालात, तेही कळलं.

दोष बेसबॉलचा आहे. या खेळाला घड्याळ नाही. शेवटचा माणूस बाद झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही, मग समोरचा संघ तेवीस धावा करून का बसलेला असेना. आपला लेलंड खेळतो त्या संघाच्या पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, काल नेमकं तेवढंच दान केलं होतं आणि स्वतः मात्र शून्यावर होते. अशा वेळी आम्हा अंपायर लोकांची एक जुनी रीत आहे. चेंडू जरा लांबून गेला, तरी स्ट्राइक, म्हणजे बरोबर पडला, म्हणायचं; तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. बॅटरही समजूतदार असतात; मिळेल त्यावर बॅट फिरवतात, बाद होतात आणि घरी जाऊन जेवतात. (उन्हाळ्यात पाद्रीबुवा प्रवचन आटोपतं घेतात, त्यातलाच प्रकार.) मी रीत पाळली. नवांपैकी सातवा डाव उजाडला तेव्हा ऊन अजून चांगलं होतं आणि मला कोंबडीचा वास यायला लागला होता.

मग लेलंड आला. आपण मुलाला फार चांगलं वळण लावलं आहे, हे इथे नमूद करतो. हातभर लांबून गेलेल्या चेंडूला मी स्ट्राइक म्हटलं, तसा तो वळून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "हा स्ट्राइक? डोळे घरी विसरलास का रे? आणि तू माझ्या बहिणीशी लग्न करणार?"

टाळ्या पडल्या. (हरणाऱ्या गावाला तेवढंच सुख.) मला मनापासून लाज वाटली, साहेब. खोटं बोलून आपल्या टेबलाशी वेळेवर बसण्यापेक्षा खरं बोलून उशिरा बसलेलं बरं, असं ठरवून मी तिथून पुढे प्रत्येक चेंडूचा खरा निकाल दिला. पण दोन्हीकडच्या दमलेल्या पिचरांना सरळ चेंडू टाकणंच जमेना. चार वाईट चेंडू पडायचे आणि बॅटर फुकटात पहिल्या बेसकडे चालू लागायचा. एकामागून एक, वरात निघाल्यासारखे. पाहुण्यांचा मॅनेजर येऊन हात जोडून म्हणाला, "अरे बाबा, आमची बस खोळंबलीय. आजच कुठून सुचला तुला हा प्रामाणिकपणा?" सूर्य मावळला. एवढ्याशा सामन्याला दिवे कशाला, असं मैदानाच्या मालकांचं म्हणणं पडलं.

शेवटी अंधारात, नवव्या डावात दोन बाद होऊन एकच बाद व्हायचा राहिला असताना, पुन्हा लेलंडच उभा होता. दोन स्ट्राइक, तीन वाईट. चेंडू आला, त्याने सोडला, मी स्ट्राइक म्हटलं आणि सामना संपला. तो आता माझ्याशी बोलत नाही. पण चेंडू आतच होता, शपथेवर सांगतो.

आपला नम्र,
डेलमर क्राउस

ता. क. पुढच्या शनिवारी मला सामना नाही. सहाला येऊ का?

आणखी ता. क. टपालात टाकण्याआधी हे पत्र ओपलला वाचून दाखवलं. ती काल पहिल्या रांगेत होती. तिच्या मते शेवटचा चेंडू चांगला वीतभर बाहेर होता; पण तोवर तिलाही भूक लागली होती, म्हणून ती गप्प बसली. लेलंडला कृपया हे पत्र दाखवू नये.