आक्काने मशिन घेतलं

८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास, आक्काचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा झालाय, उजेड छान आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे आणि मी ताबडतोब सामान बांधावं, हे सगळं नीट वाचलं. चहा पिताना परत एकदा वाचलं. उत्तर तेच आहे. मी इथून हलणार नाही. हे गेल्यानंतर दोन वर्षं मी या घरात एकटी राहिले आणि अजून टुणटुणीत आहे.

मात्र एका बाबतीत तुझं म्हणणं मला पटलंय. घरामागचं आवार आता आवार राहिलेलं नाही. आमचं घर गल्लीत शेवटचं, त्याच्यामागे टेकडीचा उतार, आणि तो उतार आता थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आलाय. गवत माझ्या खांद्याला लागतं. काल कपडे वाळत घालायची दोरी शोधायला मला काठी घेऊन जावं लागलं. विळा घेऊन येणारे आजोबा आता थकले. त्यांच्या कंबरेला मीच लेप सुचवते, त्यांना कापायला कसं सांगू?

म्हणून मी ठरवलंय की पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशिन घ्यायचं आणि स्वतः चालवायचं. बाजारात जाऊन आले. दुकानदाराने लालभडक रंगाचं एक धूड दाखवलं आणि यात सगळ्यात जास्त ताकद आहे, झाडसुद्धा आडवं होईल, असं सांगितलं. मी त्याला म्हटलं की झाडांशी माझं काही वैर नाही. त्यावर त्याने पाला उडवायचं मशिन आणि साखळीची करवतही पुढे केली. मी पिशवी उचलून घरी आले.

तू जन्मभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडलीस. आता बहिणीला जरा सांग, यात काय बघून घ्यायचं? फ्लॅटबद्दल लिहिलंस तर ते पान न वाचता फाडीन.

धाकट्या भावजयीला आशीर्वाद. तुमच्यावर जीव आहेच, तो वाढताच राहो. गवत तेवढं वाढू नये.

तुझी आक्का


१५ फेब्रुवारी

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. या वयात तू ते गुरगुरणारं मशिन खांद्याला अडकवून उतारावर जाणार? दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांना जपून चाला म्हणून सांगितलंस, ते हेच का? माझा याला साफ विरोध आहे. लिहून ठेव.

आता विरोध नोंदवून झाला. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा निदान चुकीचं तरी घेऊ नकोस.

ताकद विसर. घरच्या कामाला मशिन कधीही चालू होणारं हवं. जास्त ताकदीचं धूड दहा मिनिटांत तुझे खांदे उतरवेल. पट्टा गळ्यात घालून, पेट्रोल भरलेलं मशिन लटकवून त्या दुकानात चार फेऱ्या मार. दुकानदार हसला तर हसू दे. मग मशिन थंड असताना ते चालू करायची दोरी तू स्वतः ओढ. त्याला ओढू देऊ नकोस, त्याचा हात सरावलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे बिघडलं तर उघडणार कोण, ते विचार. गावात असेल तर त्याच्याकडे जाऊन ये. त्याच्या फळीवर या मशिनचा प्लग, हवेची जाळी, कापायचा नायलॉनचा दोरा ठेवलेला दिसला तरच पुढे जा. कितीही नावाजलेलं असो, ज्याचा सुटा भाग दुसऱ्या शहरातून मागवावा लागतो ते मशिन घरात नुसतं पाहुण्यासारखं बसून राहतं.

इंजिन चार स्ट्रोकचं घे. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नसते आणि आवाजही कमी असतो. दोन स्ट्रोकचं हलकं असतं खरं, पण त्यात मिश्रण चुकलं की इंजिन जाम. डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट, मशिन चालू असताना जवळपास कुणी नको. साखळीची करवत घेतलीस तर मी तिथे येऊन ती विहिरीत टाकीन.

फ्लॅटबद्दल मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत, एवढंच.

कळावे. माया असू दे आणि राग आलाच तर तो दुकानदारावर काढ.

तुझा ठोंब्या


१६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

यांच्या पत्रामागोमाग माझं हे चोरून. तुम्ही मशिनचं काय विचारलंत, आमच्या घरात जीव आला. निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या बसचं इंजिन कुठे अडतंय ते मला ऐकवत होते. मला त्यातलं काय कळणार? मी हूं हूं करत भाजी निवडायची.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवायचं विसरले. शहरातल्या तीन दुकानांत जाऊन आले. एका दुकानात पट्टा गळ्यात घालून फेऱ्या मारताना काचेच्या कपाटाला धडकले, ते त्यांनी तुम्हाला लिहिलं नसणार. काल माझ्या खांद्याला केरसुणी बांधून तुमच्या उंचीला दांडा कुठवर येईल ते मापून झालं. मी पुतळ्यासारखी उभी. शेजारीण दारात आली आणि आल्या पावली परत गेली.

तेव्हा वन्सं, मशिन घ्या किंवा नका घेऊ, पण प्रश्न विचारत राहा.

तुमची भावजय, जिला तुमची आठवण केरसुणी हातात घेतली की हटकून येते


३ मार्च

चि. ठोंब्यास, आशीर्वाद.

घेतलं! आणि तुझं ऐकून, पण सगळं नाही.

आधी त्या लाल धुडाची गोष्ट सांगते. मी दुकानात पट्टा चढवला तेव्हाच गुडघ्यांनी नाही म्हटलं. तरी म्हटलं, चालू करून दाखवा. मी ओढलं, ढिम्म. दुकानदाराने ओढलं, ढिम्म. मग त्याने इरेला पेटून असं काही ओढलं की त्याच्या सदऱ्याचं बटण तुटून गल्ल्यावर पडलं. मशिन तरीही गप्प. नवंच आहे, लाजतंय, असं तो म्हणाला.

मग मी कोपऱ्यातलं साधं करड्या रंगाचं काढायला लावलं. तुझं चार स्ट्रोकचंही उचलून पाहिलं हो. आवाज गोड होता, पण वजन माझ्या डाव्या खांद्याला झेपेना. हे करडं दोन स्ट्रोकचं आहे, आणि थंड असताना माझ्या हाताने चालू झालं. मिश्रणाची चिंता तू करू नकोस. अख्खी नोकरी मी औषधं मोजून दिली, मला पेट्रोलात ऑइल मोजता येणार नाही का? बाटलीवर चिठ्ठी लावलीय, वर तारीख, खाली 'पोटात घेऊ नये'. थोडंच मिसळते, शिळं ठेवत नाही. बाजारामागे पंप दुरुस्त करणारी बाई आहे, ती हे मशिन उघडते. तिच्या फळीवर प्लग, जाळी आणि दोरा, तिन्ही पाहून आले.

पहिल्या दिवशी मी खिडकीखालची शेवंती उडवली. दुसऱ्या दिवशी नळाला गुंडाळलेला पाइप गेला. तिसऱ्या दिवशी हात बसला. कमरेतून डोलायचं, हातांनी ढकलायचं नाही, एवढं कळलं आणि मग काय सांगू! गवत असं सरकत सरकत आडवं होतं आणि मागे हिरवा वास उरतो. दगडी पायऱ्या निघाल्या, ज्यांच्यावर बसून हे दाढी करायचे. मी मशिन बंद करून तिथे बसले. जरा रडले, मग घाम पुसला आणि पुढचा तुकडा घेतला.

तक्रार एकट्या शेजारच्या शिंपीदादांची. आवाजाने त्यांच्या कोंबड्या अंडी घालत नाहीत म्हणे. त्यांच्या मागचं गवतही कापून देते म्हटलं, तर घरात जाऊन दार लावून घेतलं.

धाकटीला म्हणावं, दांडा बरोब्बर बसतो. (हे तिला कळेल.) तुम्हा दोघांना मनापासून, खांदा दुखत असूनही, घट्ट मिठी.

तुझी आक्का


१२ मार्च

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

दोन स्ट्रोक! मी हिला म्हटलं की आक्काने लहानपणापासून माझं निम्मंच ऐकलंय. पण वजनाचा मुद्दा तुझा बरोबर, तो मी मान्य करतो. हे पान जपून ठेव, परत मिळणार नाही.

आता हसू बाजूला ठेवून एक ऐक. ऊन वाढतंय. टेकडीचं गवत वाळलं की काडीसारखं पेटतं. तुझ्या घराच्या आणि उताराच्या मध्ये एक रुंद पट्टा पार जमिनीलगत कापून काढ आणि कापलेलं गवत तिथे पडू न देता ओढून दूर ने. वाळक्या गवतात पोलादी पातं अजिबात लावू नकोस, दगडाला घासलं की ठिणगी उडते. नायलॉनचा दोराच लाव. पेट्रोल गवतात उभं राहून भरायचं नाही. अंगणातल्या फरशीवर ये, इंजिन गार होऊ दे, मग भर. आणि शिंपीदादांनाही समजाव. आग कुंपण बघून थांबत नाही.

फ्लॅटच्या मालकांनी आणखी थोडी मुदत दिलीय. मी मागितली नव्हती. म्हणजे, मागितली होती.

काळजी वाहणारा,
ठोंब्या


६ एप्रिल

चि. ठोंब्यास, आशीर्वाद.

आधी हे वाच: मी ठणठणीत आहे, घर उभं आहे, कुणाच्या अंगाला चटकासुद्धा लागलेला नाही. आता बसून वाच.

परवा दुपारी टेकडीच्या पलीकडून धूर दिसला. मला वाटलं कुणी पाला जाळतंय. पण वारा आमच्याकडे फिरला आणि बघता बघता वरच्या कडेला केशरी रेघ उमटली. गल्लीत पळापळ झाली. अग्निशमन दलाला फोन गेला, पण त्यांची गाडी खालच्या रस्त्याने वळसा घालून येणार होती. माझ्या घरामागचा पट्टा मी तुझं पत्र आल्यापासून रोज थोडा थोडा करून साफ केला होता. त्यापलीकडे शिंपीदादांचं मागचं आवार मात्र तसंच, वाळून कडकडीत.

मी बूट घालत होते तेवढ्यात शिंपीदादाच कुंपणाशी आले. त्यांनी नुसता हात आवाराकडे केला. मी म्हटलं की कोंबड्या पुढच्या दारी सोडा आणि गवत ओढायला जे मिळेल ते आणा.

मशिन दुसऱ्या ओढीला चालू झालं. एवढं वाचून तुझा जीव गार होईल म्हणून मुद्दाम लिहितेय. दोरा लावलेला होताच. मी डोलत निघाले आणि मागून सगळी गल्ली. कुणी दाताळं घेऊन, कुणी खराटा. शिंपीदादांनी शिवायला आलेला एक अख्खा पडदा पसरला आणि त्यावर ढीग टाकून चौघी जणी तो ओढून नेत होत्या. उरलेल्यांनी मागोमाग बादल्या ओतल्या. अर्ध्यात पेट्रोल संपलं. आग दिसत असताना फरशीवर उभं राहून इंजिन गार व्हायची वाट बघणं काय असतं ते तुला कसं सांगू? बाळ अडलेलं असताना घाई करायची नसते, तशी मी उभी राहिले. मग भरलं, थेंबही सांडला नाही.

शेवटचा तुकडा होईपर्यंत धुराने डोळे चुरचुरायला लागले. तेव्हा मी सगळ्यांना पुढच्या रस्त्यावर काढलं आणि स्वतःही निघाले. गाडी तेव्हाच आली. जवानांनी पाइप ओढले. आग उतारावरून धडधडत आली, पट्ट्याशी पोचली आणि बुटकी झाली. तिला खायलाच काही मिळेना. इकडेतिकडे चाचपडली, आणि जवानांनी पाण्याने तिला तिथेच बसवलं. शिंपीदादांच्या कोंबड्यांच्या खुराड्याची एक फळी काळी पडली. बाकी काही नाही, रे! काही नाही!

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून खदखदा हसत होते. शिंपीदादा रडत होते. मग ते हसायला लागले आणि मी रडायला. जवानांच्या प्रमुख बाईंनी हा पट्टा कुणी काढला ते विचारलं, तर सगळी गल्ली माझ्याकडे बोट दाखवून एकदम बोलली. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, मशिनकडे पाहिलं आणि पुढच्या वर्षी सगळ्या उताराला असाच पट्टा काढायचा, लोकांना शिकवायला त्या मलाच बोलावणार, असं सांगून गेल्या.

शिंपीदादांनी मला जाड कापडाचा झगा आणि पायांना घालायच्या नळ्या शिवून दिल्यात. पाठीवर लाल धाग्याने 'आक्का' असं भरलंय. मोठ्या अक्षरात. गल्लीत आता आवाज झाला की लोक खिडक्या उघडतात.

काळी राख अजून उडतेय, पण आज सकाळी मी पायऱ्यांवर बसून चहा प्यायले. इतकी गाढ झोप मला दोन वर्षांत लागली नव्हती.

तुझ्या पत्राने आमच्या दोन घरांची राखरांगोळी टळली. हे तू जपून ठेव.

राखेने माखलेली, तुझी
आक्का


१३ एप्रिल

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. पेट्रोल संपलं तिथवर आलो आणि माझा आवाजच बसला. पुढचं हिने वाचलं. मग तिचाही बसला. मग आम्ही दोघं मनात वाचत बसलो, आमटी करपली.

आज सकाळी फ्लॅटच्या मालकांना कळवलं की आमची आक्का येणार नाही, तिला काम आहे. एका नव्या जोडप्याला ती जागा मिळतेय. उजेड भरपूर आहे म्हणून ती मुलगी फार खूश होती.

आक्का, खरं सांगू का? तुझी काळजी होतीच, पण तू खाली राहायला यावीस असं मलाच वाटत होतं. सकाळी कुणीतरी मला ठोंब्या म्हणून हाक मारावी म्हणून. डेपो सुटला तसं कुणी हाकच मारत नाही. ही 'अहो' म्हणते, त्यात ती मजा नाही.

उताराला सगळीकडे पट्टा काढायचा तर एका मशिनने भागणार नाही. मी कालच एक घेतलं. चार स्ट्रोकचं. तू म्हणशील तर दोघं पावसाळ्यापर्यंत राहायला येतो. हिने विचारायच्या आधीच बॅग भरलीय, आणि त्यात केरसुणी घातलीय. का, ते मला सांगत नाही.

उत्तराची वाट बघत गॅलरीत उभा असलेला,
ठोंब्या


१८ एप्रिल

चि. ठोंब्यास आणि धाकटीला, दोघांना मिळून आशीर्वाद.

या. वरची खोली झाडून घेतलीय, गाद्या उन्हात टाकल्यात. पावसाळ्यानंतरही जायची घाई करू नका.

बसमधून उतरलात की गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत या. मी मागच्या आवारात असेन. मशिन चालू असलं की मला काही ऐकू येत नाही, तेव्हा लांबून हाका मारत बसू नकोस. समोर येऊन उभा राहा, म्हणजे मी बंद करीन.

तुझी,
आक्का