घसा खाकरणे हा विरोध न समजणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
मुख्य कार्यालय, वरचा मजला.

विषय : अर्जदारास तळघरातून वर घेणेबाबत, व त्याचे खाकरणे हा विरोध न समजणेबाबत.
संदर्भ : आपला मेमो, ‘वरिष्ठांच्या भाषणात हेतुपुरस्सर खाकरणे’.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार पूर्वी चौकशीच्या खिडकीवर होता व सध्या तळघरात जुन्या फायलींच्या खोलीत आहे. सहकारी त्यास प्रेमाने ‘खाकरेबुवा’ म्हणतात. प्रेमाने, असे तेच सांगतात.

१. वार्षिक सभेत आपले भाषण चालू असता अर्जदार पडद्याला टेकून बसला होता. ते पडदे लावल्यापासून धुतलेले नाहीत. आपण “कोणावरही अन्याय होणार नाही” म्हणालात आणि अर्जदार खाकरला. “बढत्या गुणवत्तेवरच होतील” म्हणालात, तो पुन्हा खाकरला. सभागृह हसले. मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच खाकरण्याचा अर्थ काय होतो, हे अर्जदारास ठाऊक आहे. त्याच्या घशास ठाऊक नाही.

२. त्याबद्दल तळघर मिळाले. डॉक्टरीणबाईंच्या मते अर्जदारास धुळीची अ‍ॅलर्जी आहे. नाकातले पाणी मागच्या मागे घशात उतरते, घसा खवखवतो, आवाज बसतो. पहिला उपाय, धुळीपासून लांब राहणे. अशा माणसास फायलींच्या धुळीत पाठवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणे होय.

३. बाकीचे उपायही करून झाले. गोळी घेतली, तिने झापड आली, ‘कामावर झोपणे’ असा मेमो आला. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, ‘विचित्र आवाज काढणे’ असा आला. तोंडाला फडके बांधले, तर पहारेकऱ्याने चोर म्हणून धरले. नाकात मारायच्या फवाऱ्याने बरे वाटते, परंतु डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, फवारा मारून परत धुळीतच बसणार असाल, तर मी तरी काय करू?” घशाला सूज येऊन श्वास अडल्यास तडक दवाखाना गाठण्याची ताकीदही त्यांनी दिली आहे. तळघराचे दार बाहेरून लावले जाते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

४. अर्जदाराच्या आईस दिसत नाही. दिवसभर ती एकटी असते व ओळखीच्या आवाजाशिवाय कडी काढत नाही. ही शिस्त अर्जदारानेच लावली. मागच्या महिन्यात त्याचा आवाज पार बसला. त्याने दारातून हाक मारली, तर आतून उत्तर आले, “कोण रे मेल्या तू? माझ्या लेकाच्या नावानं दार उघडायला सांगतोस?” अर्जदार जिन्यात बसला. त्यास रडू आले, हे लिहिण्यास हरकत नसावी. रडता रडता खाकरला, आणि कडी निघाली. “अगंबाई, तूच होय रे! मग आधीच खाकरायचं नाही का?” तेव्हापासून घरात शिरण्याची तेवढीच एक सोय उरली आहे.

५. आता आपण ‘यापुढे कदापि खाकरणार नाही’ असे हमीपत्र मागितले आहे. ते दिल्याखेरीज वर घेणार नाही, असे कळते. वर आल्याखेरीज खाकरणे थांबणार नाही. अर्जदाराची गत तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली आहे. धूळ सुटली तर आवाज परत येईल. उशीर झाल्यास डॉक्टरीणबाई काही सांगू शकत नाहीत. आवाज येईपर्यंत आईसाठी खाकरणे सोडता येत नाही. सबब हमीपत्रावर सही केलेली नाही.

तरी अर्जदारास एकवार समक्ष ऐकून घ्यावे. “आत येऊ का, साहेब?” एवढेही आता त्याच्या घशातून निघत नाही. आपल्या दाराबाहेर उभा राहून तो एकदा खाकरेल. तो विरोध नसेल. दार उघडावे, ही विनंती.

आपला नम्र व तूर्त बिनआवाजी,
खाकरेबुवा
(जुन्या फायलींची खोली, तळघर)

दिनांक : वर जाईल त्या दिवसाचा घालावा.
सोबत : डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, धूळ झटकून.