भागीला शिकवलेला शब्द

संतपूर, तालुका औराद
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५२

तीर्थस्वरूप निलम्माअक्कास,

धाकट्या काशप्पाचे शरणार्थ. इकडे सगळं ठीक आहे. ज्वारी पोटऱ्यात आली, तुरीला शेंगा बऱ्या धरल्या. रत्नम्माची प्रकृती चांगली आहे. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, त्याचं कारण पुढे येईलच.

तू मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र शिवय्या जंगमाने आणून दिलं. उत्तराला तीन दिवस उशीर झाला. दौत सापडत नव्हती असं लिहिणार होतो, पण दौत समोरच होती.

येत्या सोमवारी तुम्ही दोघं गाडीने येणार, तांबड्या दगडाच्या खाणीच्या काठावर दाजी भागीच्या नावाने कट्टा बांधणार, आणि त्यावर पहिला नारळ मी वाढवायचा. दाजींची ही इच्छा कळली. इथल्या लोकांनाही कळली आहे. औरादच्या बाजारात माणसं मला थांबवून पान देतात. मालकाची हाक ऐकून घोडीने खाणीत उडी घेतली, ही गोष्ट आता उदगिरापर्यंत गेली म्हणे. खाणीत दगड काढणारा हणमंतप्पा तर ती रोज नव्याने सांगतो. परवा माझ्यासमोरच म्हणाला, "मुका जीव, पर मालकासाठी पराण दिला बघा." मी मान हलवली आणि त्याने दिलेलं पान खाल्लं.

तुझ्या पत्रात एक ओळ नसती, तर मी सोमवारी नारळ घेऊन उभाही राहिलो असतो. मला तेवढा निर्लज्जपणा आता जमतो. तू लिहिलंस की तुमच्या राजेश्वरच्या पारावर लोक दाजींना हसतात, एक घोडी आवरता आली नाही म्हणून. रागाच्या भरात तूही तेच बोललीस. आणि तेव्हापासून दाजींनी जनावराला हात लावणं सोडलं. बैल सोडायचा तरी गड्याला हाक मारतात. कापडाची फेरी बंदच आहे.

ते इथे खाटेवर पडून होते, मांडीचं हाड बसवून फळ्या बांधलेल्या, तेव्हा माझा हात धरून म्हणाले होते, "काशप्पा, तुज्या घोडीला म्या मारलं. तू लगाम वडा म्हून वरडायलास, अन् मला वडता आला न्हाई. माफ कर बाबा." मी त्यांना माफ केलं. अक्का, खरंच तोंडाने म्हणालो, जाऊ द्या दाजी, झालं ते झालं.

आता नीट सांगतो.

श्रावणात तू आली होतीस. दाजींचा तांबडा घोडा तरणा, चावरा, आणि दाजींना धड बसता येत नाही. तू मला गोठ्यात गाठून म्हणालीस, "काशा, ह्यांना गरीब जनावर पायजे. तू देशील ते मी बघणारबी न्हाई, घेऊन जाईन." तांबड्यावर माझा डोळा तो शिंगरू असल्यापासून होता. अदलाबदल करू, म्हणालो. तांबडा मला, भागी तुम्हाला. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडलीस.

त्या दिवशी भागी आंधळी होती.

एकाएकी झाली नाही. वर्षभर तिचे डोळे मधूनमधून लाल व्हायचे, पाणी गळायचं, पुन्हा बरे व्हायचे. आषाढात दोन्ही गेले. कोणाला कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. संतपुरात घोड्याचं काही विचारायचं तर काशप्पाला, आणि काशप्पाचीच घोडी आंधळी! सुरुवातीला तेवढाच मान राखायचा होता. मी तिच्या गळ्याशी चालायचो आणि बोलत राहायचो. दोन शब्द शिकवले. पुढे चढ असला की 'पाऊल', ती पाय उचलायची. पुढे जमीन तुटली असली की 'खोल', ती जागच्या जागी उभी राहायची. 'थांब' तिला कधी लागलाच नाही. पंधरा दिवसांत ती डोळसासारखी चालू लागली. अप्पा सांगायचे आठवतं? घोड्याला चारा कोणीही घालतो, खरारा कोणीही करतो. आपला शब्द त्याच्यापाशी कधी खोटा पडू द्यायचा नाही, मग ते तुमचं. ते मी अगदी मन लावून पाळलं आणि त्याच्याच जोरावर तुम्हाला फसवलं.

दसऱ्यानंतर दाजी आले, ते औरादच्या गुंडेरावांना पारखायला बरोबर घेऊनच. गुंडेरावांनी केसांतले सगळे भोवरे पाहिले. कपाळाचा, छातीचा, खोगिराखालचा. खोडीचा एकही नाही, गळ्यावर तर देवमण, मालकाची भरभराट करणारा. दात मोजले, खूर उचलून पाहिले. डोळ्यांवर मी गोंड्यांची झालर बांधली होती, माशा बसतात म्हणून. ती वर करून पाहावी असं त्यांना वाटलं नाही. घोड्याच्या केसांत आपल्याकडे माणसाचं नशीब शोधतात, घोड्याला दिसतं का हे कोण बघतो? मी तिला अंगणातून फिरवून आणलं, उंबऱ्यापाशी हळूच 'पाऊल' म्हणालो. गुंडेराव खूश झाले. रत्नम्मा दारात उभी होती. आत आल्यावर म्हणाली, "अक्काचा माणूस हाय त्यो. सांगून टाका." मी तिला गप्प बस म्हणालो. ती अजून गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी निघाले. कापडाचा बैल पुढे, गळ्यात घंटा, आणि भागी घंटेमागे नीट चालली. राजेश्वरपर्यंत घंटेवर जाईल, पुढचं पुढे बघू, असा माझा हिशेब. मग मला घरात बसवेना. खाणीला वळसा घालून वाट जाते, मी पायवाटेने पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो. तिला शेवटचं बघायचं होतं. लबाडाला माया नसते असं नाही, अक्का. ती समोर दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "भागे."

तिने कान टवकारले, वाट सोडली आणि सरळ माझ्याकडे निघाली. मधे खाण.

दाजींनी लगाम ओढला, दोन्ही हातांनी ओढला, मी पाहिलंय. पण ती तोंडातल्या लोखंडाला कधी जुमानायला शिकलीच नव्हती, मीच तसं वाढवलं होतं. काठ वीस-पंचवीस पावलांवर होता. एकच शब्द हवा होता. तो म्हणालो असतो तर ती खिळल्यासारखी उभी राहिली असती. पण खाली हणमंतप्पा आणि चार माणसं भाकरी खात वर बघत होती. दिवसाढवळ्या घोडीला 'खोल' म्हणून सांगायचं, म्हणजे तिला दिसत नाही हे गावाला सांगायचं. मी ओरडलो, "दाजी, लगाम ओढा!" पुन्हा तेच ओरडलो. माझा आवाज ऐकून तिने पाय उचलला, जास्तच भरभर आली.

तिने उडी घेतली नाही. पुढे जमीन आहे या भरवशावर पाऊल टाकलं.

खाली उतरलो तेव्हा ती जिवंत होती. दाजींना बाजूला काढलं. मी तिच्याजवळ गेलो तर तिने नाक माझ्या हाताला लावलं. एवढं झाल्यावरही लावलं. त्याचंच लोकांनी कौतुक केलं. ती गेल्यावर तिचे डोळे मी लगेच मिटवले. लोकांना वाटलं मायेने मिटवले.

अक्का, हे पत्र मास्तरांकडून घरात वाचून घेऊ नकोस. जिथे दाजींना हसले त्या पारावर, सगळ्यांदेखत वाचायला सांग. दाजींना समोर बसव. त्यांच्या हातात काही उणं नव्हतं. त्यांचा पाय मी मोडला, भागी मी मारली, आणि वर त्यांच्याकडून माफी मागवून घेतली. इथे हणमंतप्पाला मी आज सांगून टाकलं. तो भाकरी बांधून दुसरीकडे जाऊन बसला.

सोमवारी येऊ नका. कट्टा बांधायचा तर दाजींनी नंतर, त्यांना वाटेल तेव्हा बांधावा. नारळ माझ्या हातून नको. तू मला पुन्हा काशा म्हणावंस असं वाटतं, पण तसं मागायला तोंड नाही.

शिवय्याबरोबर तांबडा परत पाठवतो आहे. दोन महिन्यांत तो माझ्या हाकेला एकदाही आला नाही. त्याला चांगलं दिसतं. पण दावणीला बांधण्याआधी दाजींनी त्याच्या दोन्ही डोळ्यांसमोर हात हलवून बघावा. मी लिहितो आहे म्हणून खरं मानू नका.

काशप्पा