तांब्या आणि बाटली

जव्हार, वैशाख वद्य पंचमी, १९५६

नैरोबीहून दिनूची तबकडी आली. तिथल्या रेल्वे कारखान्यातल्या चार आफ्रिकी सोबत्यांनी गिटार घेऊन ताफा जमवला, तो आता शहरातल्या नाचघरांत गाजतोय. आमचा धाकटा भाऊ त्यात सोड्याची बाटली वाजवतो! वकिलांच्या ग्रामोफोनवर ऐकली. ही म्हणाली, "अहो, बाटलीच वाजवायची तर भावोजी इतक्या लांब कशाला गेले? घरात तांब्या होता की!"

होता. मी श्लोक म्हणू लागलो की दिनू तांब्यावर ठेका धरायचा, म्हणून मीच तो लपवला होता. बाटलीवर ठेका तोच, आठ अक्षरांचा. सोबतच्या पत्रात दिनू लिहितो, ताफ्याचा दौरा आहे, यंदाही येणं जमणार नाही. कधी जमेल?

संध्याकाळी तांब्या चिंचेने घासून समोर ठेवला आणि श्लोक म्हटला. दर आठ अक्षरांनी उगाच थांबत होतो.