दादाच्या ड्रॉवरमधली कार्डं

२ मे
स्टायपेंड जमा झाल्याचा मेसेज. पाठोपाठ काढल्याचा. अप्रेंटिसला पैसे द्यायलाच लागतात, कायदा आहे, म्हणून कंपनी मुकाट खात्यात टाकते. आणि आमची सगळ्यांची एटीएम कार्डं जितूदादाच्या ड्रॉवरमध्ये. सख्खा चुलतभाऊ. गोडाऊन आमच्या जमिनीवर, म्हणून लेबरचं कंत्राट त्याचं. पोरांच्या हातावर थोडे टेकवतो, बाकी गिळतो. माझेही. विचारलं तर म्हणे, "तू त घरानची हायस. तुला कशाला पायजेत पैसं?" हातात पाना होता. डोक्यात घालावासा वाटला.

५ मे
संदेशने कार्ड मागितलं. शेलार गावचा, आयटीआयपासून माझ्यासोबत. सगळ्यांसमोर, शांतपणे. "कार्ड माझ्या नावाचं आहे, दादा. द्या."
दादाने पॅलेटची फळी उचलली. आधी खांद्यावर, मग हातावर. हाड मोडलेलं कन्व्हेयर चालू असतानाही ऐकू आलं. मग तोंडावर ठोसे. लोडर नुसते बघत. एक जण म्हणाला, "छोड़ दो सेठ, मर जाएगा." मी हेल्मेट काढून दादाच्या पाठीत हाणलं. परत हाणलं. त्याने मला रॅकवर ढकललं, भुवई फुटली. खोटं कशाला, हाणताना बरं वाटलं.

६ मे
टाके पडले. घरात ठरलंय, मी शिडीवरून पडले. संदेशही. काका, दादाचे वडील, येऊन बसले. "आठवड्यावर जितूची हळद हाय. भावाला आत घालतंस?" बाबांची मान खाली. आई गप्प.
संदेशने तक्रार दिलीये. चौकीवरून फोन. १३ला माझा जबाब.

९ मे
हॉस्पिटलात गेले. संदेशच्या हातात सळई घालणार. इलेक्ट्रिशियनचा उजवा हात. बाकीची पोरं पलटली, साक्षीला मी एकटी. तरी म्हणतो, "तुझ्यावर जोर नाही." त्याचाच राग आला. "जोर कर ना, गाढवा," म्हणून ओरडले. मग रडले. नर्सने बाहेर काढलं.

१२ मे. हळद.
डीजे, अख्खं गाव. वाढायला आमचेच अप्रेंटिस, ड्युटी म्हणून. मी करवली, भुवईवर मेकअपचा थर. धवलारीण लग्नाची गाणी गात होती. हळद लावताना दादाची मूठ हातात आली. संदेशचे दात लागलेत तिथे, अजून ओलं आहे. तिथेच दाबून चोळली. दादा कळवळला. आणखी चोळली. लोक फोटो काढत होते.
हसत हसत कानाशी म्हणाला, "उद्या शिडीच सांग. नायतर तुझापन हात मोडीन."
मोड म्हणावं.

१३ मे
लग्न संध्याकाळी, जबाब अकराला. हात घासले, पिवळे ते पिवळेच. आईने समोर बसवलं, खोबरेल लावून भुवईवरचा मेकअप पुसून काढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही बोलली. "टाकं दिसू दे."
बाहेर दादाची गाडी येऊन थांबली आहे. हॉर्न वाजवतोय. आई म्हणते, मागच्या दाराने जा. मी चपला पुढच्या दाराशी घातल्यात.