जावईबापू गाडीत असताना

मंगळवार, १४ मे

ताई, नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे. आज ऊन फार होतं. चष्म्याच्या दुकानात गेलो. गाडीची एक काच फुटली. जावईबापू दवाखान्यात आहेत, काळजीचं कारण राहिलेलं नाही. एवढं वाचून तुम्ही फोन उचलाल, म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर मला हे जमणार नाही.

(तुमच्या धाकट्या बहिणीनं कुत्र्याचं हे नाव ठेवलं तेव्हा मी हरकत घेतली होती. चांगली खुर्ची धरायची आणि वाढेपर्यंत हलायचं नाही, एवढ्यावर जावई होता येत असेल तर तुमच्या घरच्या खऱ्या जावयानं काय करायचं? ती हसली आणि विषय संपला.)

आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रा बरोबर असला की गाडीतून एकानंच उतरायचं, दुसऱ्यानं दार उघडं ठेवून त्याच्याजवळ बसायचं. बसायची ती, कारण तिला दुकानात पाठवलं तर संध्याकाळ व्हायची. आज गाडी झाडाखाली लावली, काचा बोटभर खाली ठेवल्या आणि उतरताना म्हटलं, "बस गं, आलोच." दार लावलं. उत्तर आलं नाही हे खरं, पण वाचत बसली की ती उत्तर द्यायचीच नाही.

दुकानात गारवा होता. सैल काडी घट्ट करायला चष्मा दिला आणि सगळं धूसर झालं. भिंतीभर चष्मे, मधेमधे आरसे, प्रत्येक काचेत बाहेरचं ऊन थोडं थोडं हलत होतं. तळ्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटलं. ती गेल्यापासून प्रथमच, बाहेर कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटून फार बरं वाटत होतं. मी मुळीच घाई केली नाही.

तेवढ्यात शेजारचा प्लंबर आत आला. "करड्या गाडीतलं कुत्रं कुणाचं? कसं धापा टाकतंय बघा!"

"आमचंच," मी म्हणालो. "काळजी नको, मिसेस बसल्यात गाडीत."

"काका, गाडीत कुणी नाहीये."

"असेल हो. नीट बघा."

दुकानाच्या बाईंनी चष्मा हातात न देता थेट माझ्या डोळ्यांवरच चढवला. मग मलाही दिसलं.

किल्ली उजव्या खिशात होती आणि माझा हात डाव्याच खिशात जात राहिला. शेवटी प्लंबरनं काचेवर पाना घातला. जावईबापूंना उचलून नळाखाली नेलं, पोटावर, पंज्यांवर पाणी सोडलं. उभं राहता येत नव्हतं. (त्यालाही.)

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं. सावली सरकते, बोटभर फटीनं काही होत नाही, बंद गाडीची बघता बघता भट्टी होते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो बिचारा नुसत्या जिभेवर तग धरतो. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या. नंतर मदतनिसानं "जावईबापू कोण?" असा पुकारा केला तेव्हा मी उभा राहिलो. बाकावरची माणसं बघायला लागली, त्यांची मांजरंसुद्धा.

तेव्हा ताई, तुम्ही इतके दिवस म्हणताय तेच खरं. हे एकट्या माणसाचं काम नाही. रविवारी या आणि त्याला घेऊन जा. त्याची चादर धुऊन ठेवतो.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. आत्ताच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पाणी प्यायला, उठला, आणि त्यांची एक चप्पल घेऊन टेबलाखाली गेला. देत नाही. लवकर येऊन न्या म्हणाल्या.

ता. क. पुन्हा. वर रविवारबद्दल लिहिलंय ते खोडलं समजा. या जरूर, पण न्यायला नको. न्यायचंच असेल तर तिचं कपाट न्या, शिवणयंत्र न्या. यापुढे जिथे त्याला आत घेत नाहीत तिथे मीही जाणार नाही. मला फक्त त्याची नखं कशी कापायची ते दाखवा. तुम्ही पाय धरायचात आणि ती कापायची, तेव्हा दोघी मिळून मला खोलीबाहेर काढायचात, त्यामुळे मी कधी बघितलंच नाही.

गाडी इथेच राहू दे. घराला कुलूप लावतो आणि त्याला आणायला चालत निघतो.